टू नंतरचं क्रियापद

ब्राह्मणपाऱ्यातल्या इस्त्रीवाल्या भैयाकडे परवा कांजी केलेल्या सुती साडीचा गरम वास आला आणि मी पुरानी बस्तीतल्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

बाबा उरल्याच्या एका कारखान्यात अपघातात गेले होते. त्यांच्या जागी आईला ऑफिसात घ्यायचं चाललं होतं, पण नवे साहेब इंग्रजीतच बोलायचे. मुलाखतीच्या सकाळी आई साडीला इस्त्री करत होती आणि दहावीतली मी तिच्याकडून वाक्य घोकून घेत होते.

"आय वॉन्ट टू वर्किंग."

"वर्किंग नाही आई, वर्क. टू नंतर क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं."

तरी पुन्हा वर्किंगच. कांजीची वाफ तिच्या तोंडावर येत होती. एकदम इस्त्री उभी करून ती खाली बसली.

"मले नाही जमून राहिलं गं! काम पाहिजे, एवढं सांगाले इतकं काहून लागते? नाही मिळालं तं तुम्ही दोघी बहिणी खाल काय?"

मी तिचा हात धरला. वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

दुपारी ती परतली. नोकरी कशासाठी हवी, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरून ती म्हणाली होती, "टू लिव्ह, सर."

नोकरी मिळाली. मला तर क्रियापद बरोबर आल्याचाच आनंद झाला होता.

आता मी शिकवणीत हेच व्याकरण शिकवते, खूप उदाहरणं देते. आईचं ते उत्तर मात्र अजून फळ्यावर लिहिता आलेलं नाही.