तुटायला हवा असा धागा

आमच्या गल्लीत, घड्याळदुरुस्तीच्या दुकानाशेजारी, जिन्याखालच्या खोलीत मणीमावशी दागिने गाठवून देत. धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, दुसरं चिमटीत, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. हे काम त्या सासऱ्यांकडून शिकल्या आणि चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. जुना दागिना आला की आधी अडकवायचा फासा ओढून बघायच्या, कडी कुठे झिजली आहे ते नखाने चाचपायच्या. कानातलं असेल तर विचारायच्या, घातल्यावर कान लाल होतो का. म्हणायच्या, "जुना दागिना आणि जुना जिना सारखाच. आधी एक पाय टाकून बघायचा."

माझ्या आईची पोवळ्यांची माळ मी त्यांच्याकडे नेली. सुनेला ती रोज घालायची होती. मणी बावन्न. एकही हरवू नये, एवढीच माझी काळजी.

"तारेत ओवा," मी म्हणाले.

"सूनबाई काय करतात?"

"पाळणाघरात असते."

"मग सुती धागा. दर मण्यामागे गाठ मारते. तुटलाच तर एखादा मणी जाईल."

"अहो, पण तुटायलाच नको ना."

"ताई, पोरं लोंबकळणार. काहीतरी तुटायलाच हवं. धागा तुटलेला बरा."

मला तो शहाणपणा आगाऊ वाटला. माळ उचलली आणि मोठ्या दुकानात तारेत ओवून घेतली.

पुढचं माझ्या डायरीत आहे. १४ मार्च, सोमवार, दुपारी चार. कडेवरून निसटणारं दोन वर्षांचं मूल माळेला लटकलं. तार तुटली नाही. ती सुनेच्या गळ्यात रुतली, तिचा श्वास कोंडला. सोबतच्या बाईंनी मूल उचललं म्हणून निभावलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा गळ्याभोवती काळानिळा वळ होता, आणि ती मला पहिलं वाक्य बोलली ते असं: "आई, मणी सगळे आहेत."

त्या रात्री मी तिच्याकडून माळ मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली गेले. मणीमावशींनी माळ हातात घेतली, वाकलेल्या तारेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार.

"मान कशी आहे तिची?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कात्रीने तार कापली आणि सुती धागा अंगठ्याला बांधला.

"किती दिवस टिकेल?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"पोरं ओढेपर्यंत," त्या हसून म्हणाल्या.

दीड वर्ष टिकला. तुटला त्या दिवशी एक मणी मोरीत गेला. सून चेहरा पाडून माझ्यासमोर उभी राहिली, मुठीत बाकीचे घेऊन. मी म्हटलं, "ते ठेव तिकडे. उजेडात ये, आधी मान बघू दे."