बांगड्या वाजवून आत येणारी

समोरच्या घरी म्हातारीला सांभाळायला ती नांदेडकडच्या इस्लापूरहून आली होती. आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता, दुष्काळ तेवढा जुना. रात्रंदिवस ती त्याच घरात राहायची, तरी कुठल्याही खोलीत शिरण्याआधी चौकटीपाशी थांबून बांगड्या वाजवायची. घरचे तिला आत्या म्हणत. "आली बगा आत्या!" असं स्वतःच ओरडून ती म्हातारीला हसवायची.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या दुसऱ्या घरची अशीच एक बाई पाणी भरता भरता कोसळली आणि गेली. आम्ही सगळे खवळलो! गल्लीतल्या मठात बैठक बोलावली, नव्या जिल्हा कचेरीतले साहेब आले. समोरचे मालक म्हातारीला घेऊन आले, म्हणून तीही आली. या बायांना आठवड्याला एक सुट्टी द्यायचा नियम हवाच, असं ठरलं. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले.

साहेबांनी विचारलं, "अशी कामाची बाई कोणाकोणाकडं आहे?"

एकही हात वर होईना.

"आमची तर घरचीच हाय," एकजण म्हणाला.

"आमचीबी," समोरचे मालक म्हणाले.

घरोघरी आत्या, मावश्या, काक्या; कामाला म्हणून कोणीच नाही!

"मग नियम करायचा कोणासाठी?" म्हणत साहेब उठले.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. एका हातानं म्हातारीला सावरत तिनं दुसरा हात उंच धरला होता.

"साहेब, मी यांची आत्या न्हाई," ती म्हणाली. "मी कामाला हाय. माझ्यापुरता करा."