पोस्टमास्तरांच्या सायलेन्सरचा गंज

उत्तर जपानातल्या त्सुरुओका गावी आमच्या गॅरेजात मित्सुएताई तोगाशी गाड्यांच्या पोटाखालचं काम करायच्या. लिफ्टखाली मान वर करून उभं राहायचं आणि गंजाचा भुगा तोंडावर झेलायचा. त्यांच्याशिवाय ते कुणी करायला तयार नव्हतं. मी काउंटरवर असायचे.

हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्यानं गाड्या खालून गंजतात; ते मीठ पडायच्या आत आमच्याकडे रांग लागायची. ताई तारेच्या ब्रशनं सायलेन्सरवरचा सुटा गंज काढायच्या, पॉलिश पेपर मारायच्या, थिनरनं पुसायच्या आणि उष्णता सोसणाऱ्या चंदेरी रंगाचे दोन पातळ हात द्यायच्या.

एका एप्रिलात निवृत्त पोस्टमास्तर सुगावारा तणतणत आले. “मित्सुएबाई, कियोआजीच्या गाडीला रंग लावलात, आणि माझ्या गाडीला नुसतं पाणी?”

दोन्ही गाड्या एकाच दिवशी रंगवलेल्या. मासळीवाल्या कियोआजी रोज समुद्राकडेच्या रस्त्यानं हिंडायच्या, गाडी उघड्यावर ठेवायच्या. त्यांचा सायलेन्सर चकचकीत होता. पोस्टमास्तरांचा मात्र वरच्या बाजूनं पार लालभडक.

मला वाटलं, ताई भांडतील. पण त्या टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं गाडीखालीच!

“गाडी कुठं ठेवता, साहेब?”

“बंद गॅरेजात. स्टोव्हच्या उबेत. लाडाची आहे हो माझी!”

“हं,” एवढंच म्हणून त्यांनी गंज खरवडून नव्यानं रंग दिला. पण डोक्यातून ते जाईना. डबा खाता खाता मध्येच म्हणायच्या, “उबेतली का गंजावी गं?”

डिसेंबरात त्यांनी जुन्या सायलेन्सरच्या नळीचे तीन तुकडे कापले, सारखे रंगवले आणि प्रत्येकावर खिळ्यानं एक ओरखडा काढला. तिन्हींवर रोज रस्त्यावरच्या खारट बर्फाचा चिखल टाकायचा. पहिला तुकडा आमच्या भिंतीवर, उघड्यावर. दुसरा त्याच्या शेजारीच, पण संध्याकाळी धुवायचा. तिसरा घेऊन त्या थेट पोस्टमास्तरांकडे गेल्या.

“माझ्या गॅरेजात चिखल? आणि तो मी टाकायचा?”

“तुमच्याइतकं वेळेवर दुसरं कोण करणार?”

पोस्टमास्तर विरघळले. रोज सकाळी साडेआठला, टपाल सुटावं तसा, चिखल पडू लागला.

ताई दर रविवारी बघायला जायच्या. तिथं त्यांना कळलं, की दिवसभर गॅरेजात रॉकेलच्या स्टोव्हपाशी पोस्टमास्तर स्वतःच बसतात. घरात त्यांच्या पत्नीचा, फुमिवहिनींचा, गाण्याचा रियाज चालायचा.

“आवाज चांगला आहे हो तिचा,” ते हळूच म्हणाले, “पण चार-चार तास?”

जानेवारीच्या शेवटी तिसऱ्या तुकड्याला फोड आले, रंगाखालून गंज पसरला. उघड्यावरच्या तुकड्याचा नुसता ओरखडा तांबूस झाला होता. रोज धुतलेला जवळजवळ स्वच्छ.

ताईंनी पोस्टमास्तरांच्या गॅरेजच्या खिडकीच्या काचेवरून आतून बोट फिरवलं. पाण्याचा ओघळ आला.

“साहेब, रॉकेल जळलं की त्यातूनही पाण्याची वाफ निघते. त्यात उबेनं गाडीखाली चिकटलेला बर्फ वितळतो, मीठ ओलं राहतं. बाहेर सगळं गोठलेलं, म्हणून गंज सुस्त.”

“आणि कियोआजी?”

“मासळीच्या पाण्याचा वास येतो म्हणून त्या रोज नळीनं गाडीच्या पोटाखालीही पाणी मारतात. तुम्ही कुठं धुता?”

पोस्टमास्तरांनी घसा खाकरला. “दिसतं तिथं.”

“मग स्टोव्ह बंद करा.”

“आणि मी कुठं बसू?”

आतून फुमिवहिनींनी एक लांबलचक तान घेतली. पोस्टमास्तर उठले, किल्ली घेतली आणि गाडी बाहेर बर्फात नेऊन उभी केली. परत येऊन खुर्ची मोकळ्या जागेत मधोमध ओढली. “ऐसपैस झालं की!”

त्यानंतर बाहेरून आले, की ते खाली वाकून पाणी मारायचे; पाणी लगेच गोठेल अशी कडाक्याची थंडी असेल त्या दिवशी राहू द्यायचे.

वसंतात गाडी लिफ्टवर चढली. पोस्टमास्तर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खाली येऊन उभे राहिले, तेही टोपी काढून. सायलेन्सर चंदेरी होता. फक्त वेल्डिंगच्या सांध्यावर चार तांबडे ठिपके.

“हे तेवढं राहिलं,” ते नाराजीनं म्हणाले.

ताईंनी ब्रश उचलला होता, तो हातातच थांबला. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला.

“सांध्यावरच का बरं?” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे हात पुढे केला. “भिंग आहे का गं तुझ्याकडे?”