सात देवांतून सहा देवांत

वडशाच्या बाजारात हिरड्याचा धंदा मी एकट्याच्या हिमतीवर उभा केला. भाव करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. म्हणून ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास धाकट्या बहिणीचं लग्न अडलं, तेव्हा मी खात्रीनेच गावी गेलो.

मुलगा कष्टाळू, तिच्या मनातला. पण आम्ही सात देवांचे गोंड आणि तोही सात देवांचाच. सारख्या देवांची माणसं आमच्यात भाऊबहीण मानतात. गावाचा पुजारी, म्हणजे भुमक, नाही म्हणाला.

"त्याचं गाव कुठी, आमचं कुठी? रक्ताचं काई नातं हाये का, बाबा?"

"नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. देव सारखे हायेत."

माझं डोकं तापलं. बुद्धीला न पटणारा नियम मी मानणार नाही, असं मी पंचांसमोर सुनावलं. एक म्हातारा हसला. "वडशाले जाऊन याचे देव तराजूत बसले."

मग मी त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटवला. परक्याला गोतात घ्यायची रीत आहे ना? मग सहा देवांच्या एखाद्या घराने मुलाला दत्तक घ्यावं. देव बदलले की भाऊबहिणीचं नातं मिटलं.

"होते तसं," भुमक म्हणाला.

गावजेवणावर सौदा पटला. लग्न झालं.

काही वर्षांनी आमच्या जावयाचे जन्मदाते वडील वारले. मेलेल्याला पूर्वजांच्या देवांत मिळवायचा विधी होता. आम्ही सात देवांचे सगळे देवघरात गेलो. पोटचा मुलगा मात्र आता सहा देवांचा, म्हणून सोयऱ्यांबरोबर बाहेर मोहाच्या झाडाखाली उभा राहिला.

मी भुमकाला गाठलं. "हे तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं कुठी? तू तं भाव करून राह्यलता. पोराले वाटलं, तू इचारलं असशील."

त्या भुमकावरचा राग अजून गेलेला नाही. आणि सारख्या देवांची माणसं भाऊबहीण नव्हेत, हे मी आजही म्हणेन.

बहिणीकडे गेलो की जावई पाणी आणून देतो आणि बैल सोडायचे म्हणून उठतो. बैल सकाळीच गुराख्याबरोबर गेलेले असतात.

"बस दादा, येतेतच ते," बहीण म्हणते.

मी चहा पितो आणि निघतो.