येळवशीचा पाव्हणा

मी कळंबला कॉम्प्युटर क्लास घेते. कुणी भुताखेतांचे किस्से सांगायला लागलं की सगळ्यात आधी हसणारी मीच. आजही विश्वास बसलाय असं म्हणणार नाही... घडलं ते सांगते.

गेल्या येळवशीला माझा पाय प्लास्टरमध्ये होता. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येला आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपाशी. आंबील, भज्जी, उंडे... आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवायला हाक मारायची, ओळख असो-नसो. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळीच गेले. मी घरी एकटी, चरफडत.

वेळ जावा म्हणून एक गेम काढला. एकट्यानं खेळायचा, लिहायचा. पत्त्यांचा कॅट, फासा आणि वही. आपण एका अनोळखी, जिवावर उठलेल्या जंगलात शिरलोय असं समजायचं. पत्ता निघेल तो प्रश्न वाचायचा आणि पुढं काय झालं ते लिहायचं. सोबतीला एक माणूस घेता येतो. मी गमतीनं अण्णांना घेतलं — सारा तालुका पायाखाली घातलेला माणूस, ते कुठं चुकणार?

दुपारी प्रश्न आला: 'शेकोटीच्या उजेडाबाहेर कुणीतरी उभं आहे. तुम्ही काय करता?' शहाण्या माणसानं शेकोटी विझवली असती. मी येळवशीच्या सवयीनं लिहून गेले, 'या, जेवायला या.' तो आला, पोटभर जेवला. मग फासा टाकला. एक पडला. नियम असा की सोबती पाहुण्याबरोबर निघून जातो. मी हसत हसत तेही लिहिलं.

थोड्या वेळानं आईचा फोन.

"अण्णांनी तुला फोन केलता का गं? न्हाय, त्यांचा फोन तर हितंच हाय... एक पाव्हणा जेवला, त्याला वाटंला लावून येतो म्हणले, ते अजून आलेच न्हाईत."

"कोण पाव्हणा?"

"मला वाटलं त्यांच्या वळखीचा. समदे हुडकायलेत. शुगरची गोळी बी घेतली न्हाय त्यांनी."

पुढं एक अक्षर लिहायचा धीर होईना. वही मिटली तर अण्णा आतच राहतील, असं वाटायला लागलं. म्हणून ती उघडी धरून रडत बसले.

तिन्हीसांजेला आमच्याकडं हेंडगा, म्हणजे कडब्याचा पेटता पलिता, पिकाभोवती फिरवतात. तो फिरवत असतानाच अण्णा तुरीतून बाहेर आले, असं आईनं नंतर सांगितलं. पायात चपला नव्हत्या. झाडी लई दाट होती, वाट घावंना, एवढंच म्हणाले. आमच्या शिवारात तूर आणि हरभरा सोडून काही नाही.

घरी आल्यावर माझ्यावरच चिडले. "पाव्हणा धाडायचा तर मला सांगायचं न्हाय व्हय?"

"मी कुणाला धाडलं, अण्णा?"

"त्योच की. म्हणला, तुमच्या पोरीनं जेवायला बोलावलंय."

वहीतलं मी कुणालाच दाखवलं नव्हतं. फोनवरही बोलले नव्हते. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

परवा येळवस आहे. अण्णांनी काल सहज विचारलं, "तुझ्या पाव्हण्याला सांगितलंस का? येतो म्हणून गेलाय त्यो."

पाय आता बरा आहे, यंदा मीही शेतात जाणार. पण बांधावरून कुणी गेलं तर हाक मारायची की नाही... एवढं अजून ठरत नाही.