दाराची वीट

नव्वद टनांचं धूड काकू एका बोटाने हलवत. काम ताकदीचं नव्हे, तोलाचं. दुर्बिणीचा सांगाडा आरशाच्या टोकाला जड, म्हणून दुसऱ्या टोकाच्या पेटीत शिशाच्या विटा बसवायच्या, त्याही इतक्या नेमक्या की ब्रेक सोडल्यावर सांगाडा जिथे ठेवाल तिथे गुमान राहिला पाहिजे. तेवीस वर्षं हेच केलं म्हणून सगळे त्यांना तोलकाकू म्हणत, आणि काकूंना ते नाव मिरवायला आवडे. उगाच खोटं कशाला बोला!

ही नवी दुर्बीण आजवरची सगळ्यांत मोठी, आठ मीटरच्या आरशाची. सोमवारी मोटरी जोडायच्या होत्या. शनिवारी दुपारी संगणकाने तोल बरोबर असल्याचं सांगितलं आणि साहेब खूश झाले. काकूंनी सांगाडा जरा तिरपा करून बोट लावलं. तो हलला, थांबला, मग आपणहून वीतभर खाली आला. पुन्हा लावलं, तर चारच बोटं आला.

"आत काहीतरी सुटं आहे," काकू म्हणाल्या आणि ब्रेकची किल्ली खिशात टाकली. "मोटरी जोडायच्या नाहीत."

"अहो, संगणक बरोबर म्हणतोय!"

"त्याला आडव्याचं विचारलंत. मी तिरप्याचं विचारतेय."

प्रत्येक विटेवर नंबर होता. वहीशी ताडून पाहिलं, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जागच्या जागी. हत्यारंही फळीवर पूर्ण होती. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमच्या एका बोटापायी सोमवार घालवू का?" काकू तसूभर हलल्या नाहीत.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "अगं, स्वयंपाकघराचं दार गुरुवारपासून धाडधाड आपटतंय. दचकून दचकून जीव चाललाय माझा. दाराची वीट कुठे नेलीस?"

काकूंना लख्ख आठवलं. दाराला अडसर म्हणून ठेवलेली ती चार किलोची शिशाची वीट त्यांनी काम शिकताना, उमेदवारीत, स्वतः ओतलेली. बुधवारी एक वीट कमी पडली म्हणून गुरुवारी घरून आणली, पेटीत मागे नुसती टेकवली, आणि नंबरची वीट आल्यावर ही काढायची राहूनच गेली. सांगाडा सरळ उभा केला असता, तर ती पेटीतून सुटून थेट आरशावर आली असती.

"साहेब, सुटी वीट माझीच आहे," काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या. "सांगाडा आडवा करा. मी काढते."

शिडीवरून वीट घेऊन उतरताना त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. साहेब हळूच म्हणाले, "वहीत नका लिहू. एवढ्या वर्षांत एकच तर चूक."

"मग उद्या दुसऱ्यांना नंबर कुठल्या तोंडाने विचारू?" काकूंनी लिहिलं: बिननंबरी वीट, ठेवणारी मी.

मग चार किलोंचा हिशेब धरून त्यांनी तीही वीट पेटीत पक्की केली आणि बाकीच्या विटा पुन्हा बसवल्या. संगणक पुन्हा बरोबर म्हणाला. सोमवारी मोटरवाले पुढे सरसावले, तसा साहेबांनी हात आडवा घातला.

"थांबा. काकू, आधी तुमचं बोट."

काकूंनी सांगाडा तिरपा करून बोट लावलं. तो हलला, थांबला आणि थांबलेलाच राहिला. त्यांनी किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली आणि घरी फोन लावला.

"आई, दाराला दुसरं काहीतरी बघा. त्या विटेला आता एकोणपन्नास नंबर पडलाय."