कूलरच्या आतला नंबर

अकोल्यात मार्च लागला की धर्मपालला जेवायला सवड नसते. जुनं गवत उपसायचं, जाळीत नवं भरायचं, मोटर फिरवून पाहायची, आणि निघताना कूलरच्या आतल्या पत्र्यावर ऑइल पेंटनं नाव, नंबर, तारीख लिहायची. बाकीची कामं कोणीही करतं हो, पण धर्मपालचा धंदा उभा राहिला तो या नंबरवर. पुढच्या उन्हाळ्यात कूलर उघडला की नंबर समोर. मग माणूस दुसऱ्याला कशाला शोधेल?

ही अक्कल मात्र धर्मपालची नव्हती. अश्विनची होती. दोघं शाळेपासूनचे दोस्त. चौदा वर्षांपूर्वी चहा पिता पिता अश्विनला हे सुचलं आणि दोघांनी मिळून धंदा करायचं ठरलं. नेमकी त्याच मार्चात अश्विनला कावीळ झाली. धर्मपालनं एकट्यानं सायकल हाणली, दोनशे घरं केली, आणि प्रत्येक कूलरात एकट्याचंच नाव लिहिलं. अश्विन हिंडायफिरायला लागला तेव्हा त्याला सांगितलं, "काही जमलं नाही बा. लोकं दारातूनच वापस करतात." अश्विन बिचारा अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला.

तेव्हापासून धर्मपालचं एकच पालुपद. "आयडिया काय, पानठेल्यावर दहा भेटतात. मे महिन्यात गच्चीवर कोन चढते, ते सांगा." खोटं नव्हतं ते. जाळीनं कापलेली त्याची बोटं कोणीही पाहावी. पण कोणी विचारलं नाही तरी तो हे बोलायचा. मन खात होतं ना त्याला.

यंदा एका म्हातारीचा फोन आला. पत्ता नव्या वस्तीतला. गेला तर दारात केशरबाई, अश्विनची माय. धर्मपालचे पाय उंबऱ्याशीच अडले.

"ये बाबू," ती म्हणाली. "दरसाल अश्विनच येऊन गवत भरते. यंदा त्याले सुट्टी नाही. त म्हटलं तुलेच बोलवाव. नंबर आतच होता."

त्यानं जाळी काढली. आतल्या पत्र्यावर अश्विनचं गोल गोल अक्षर होतं: अश्विन-धर्मपाल कूलरवाले. खाली नंबर धर्मपालचा, कारण तेव्हा मोबाइल त्याच्याकडेच होता. अश्विननं सगळ्यात आधी आपल्याच घरच्या कूलरात लिहून पाहिलं होतं, आणि चौदा वर्षांत ते पुसलं नव्हतं. धर्मपालला स्वतःची लाज वाटली.

गवत कसंबसं भरून झालं, पण तारीख लिहायला ब्रश उचलवेना. त्यानं केशरबाईकडून नंबर घेऊन अश्विनला फोन लावला.

"अश्विन, त्या साली धंदा जमला होता. मी तुले खोटं सांगतलं."

"मले मालूम हाय," अश्विन म्हणाला. "बरा झाल्यावर मामाकडे गेलो होतो. त्याहिच्या कूलरात तुयं नाव पाह्यलं."

"मंग बोलला कावून नाही?"

"तू सांगशीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

अश्विनच पुढं म्हणाला, "मायले वाळाच लागते. दुसऱ्या गवतानं खोकला येते तिले. वाळाच टाकला ना?"

वाळा टाकला नव्हता. धर्मपालनं फोन ठेवला आणि भरलेलं सगळं गवत पुन्हा उपसायला बसला.